ज्या रविवारी सासूबाईंनी भाकर घेतली नाही

आमच्या घरात रोज संध्याकाळी जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना होते. नगरला होत होती, पुण्यातल्या भाड्याच्या घरात होत होती, आणि आता परदेशात, हॅमिल्टनलाही होते. टीव्ही बंद, फोन पालथे, एक गीत, शास्त्रातला छोटा भाग आणि मग डोळे मिटून एकेकाची प्रार्थना. पाहुणे आले म्हणून ती टळत नाही. पाहुणे हिंदू असले तर सासूबाई त्यांना "बसा हो, पाच मिनिटांचं काम आहे" असं सांगतात आणि वीस मिनिटं घेतात.

या प्रार्थनेची एक सोय बाहेरच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. ती चालू असताना मधे कुणी बोलत नाही. त्यामुळे तोंडावर सांगता येत नाही ते सगळं देवाला सांगता येतं, आणि ज्याला ऐकवायचं तो समोरच डोळे मिटून बसलेला असतो. माझं लग्न झालं त्या वर्षी सासूबाईंनी देवाला सांगितलं होतं, "बापा, या घरात आलेल्या नव्या लेकीला सकाळी लवकर उठायची शक्ती दे." मी तेव्हा हॉस्पिटलात रात्रपाळ्या करत होते. दुसऱ्या दिवशी मीही देवाला सांगितलं, की रात्रभर वॉर्डात उभं राहून आलेल्या माणसाला समजून घेणारी मनं या घरात निर्माण कर. सासऱ्यांनी आमेन जरा मोठ्यानं म्हटलं. तेव्हापासून आम्हा दोघींचं बरं चाललं आहे.

सासरे गेल्यावर सासूबाई इकडे आमच्याकडे आल्या. मी एका दवाखान्यात नर्स आहे, नवरा दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो, आणि आमची एकुलती एक मुलगी गेल्या वर्षी अठराची झाली. ती इथेच जन्मली. मराठी सगळं समजतं, पण आमच्याशी बोलते इंग्रजीत. अपवाद फक्त आजीचा. आजीशी ती मराठीत बोलायची. क्रियापदांची लिंगं कुठेही जायची, पण बोलायची. प्रार्थना झाली की आजीच्या खोलीत जाऊन तिच्या गुडघ्यांना तेल चोळायची आणि तास तास काहीतरी चाललेलं असायचं. मी दाराशी गेले की दोघी गप्प. मला त्याचं काही नव्हतं. मुलीला मनातलं बोलायला घरात एक माणूस असणं ही चांगली गोष्ट आहे, आणि ते माणूस मी नसले तर माझा तेवढा वेळ वाचतो.

सासूबाईंची देवाबद्दलची एक ठाम समजूत आहे, की आपण चुकीचं वागलो की देवाला वाईट वाटतं. रागावतो वगैरे त्या फारसं म्हणत नाहीत. मुलगी लहान असताना एकदा कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, न विचारता च्युइंगगम उचलून घेऊन आली. मी तिला हाताला धरून परत दुकानात नेलं, द्यायला लावलं, माफी मागायला लावली आणि माझ्या दृष्टीनं विषय संपला. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "येशूला किती वाईट वाटलं असेल गं, बाळा." पोरगी रडून रडून झोपली.

मला हे पटायचं नाही. मी वाढले ती शिस्तीच्या घरात, आणि नंतर नर्सिंग शिकले मिरजेत, मेट्रनच्या हाताखाली. माझ्या डोक्यातला देव साधारण त्या मेट्रनसारखाच होता. कडक, पण न्यायी. चूक केलीत तर बोलावणार, सुनावणार, कबूल केलंत तर माफ करणार आणि परत ड्यूटीवर पाठवणार. पाप म्हणजे एप्रनवर पडलेला डाग, धुतला की गेला. यात कुणाच्या भावनांचा प्रश्न येत नव्हता. उलट देव दुखावतो म्हटलं की मला कसंतरी व्हायचं, कारण माझ्या अनुभवात दुखावलेलं माणूस म्हणजे न जेवता बसणारं, नाहीतर स्वयंपाकघरात भांडी आपटणारं माणूस. विश्वाचा कारभार बघणाऱ्यानं असं करू नये.

आता त्या नोव्हेंबरबद्दल सांगते.

महिन्यातून एका रविवारी आम्ही ऑकलंडला मराठी उपासनेला जातो. माउंट रॉस्किल या उपनगरात एका चर्चचा मागचा हॉल दुपारपुरता भाड्यानं घेतलेला असतो. चाळीसेक माणसं जमतात. नगर, पुणे, कोल्हापूर, सोलापूर, मुंबई, सगळीकडची. "जय ख्रिस्त, जय ख्रिस्त" म्हणत आत शिरायचं, घरून आणलेल्या खाण्याचा ट्रे ओट्यावर ठेवायचा, खुर्च्या लावायच्या. आमची मुलगी तिथे सगळ्यात लहान मुलांचा संडेस्कूलचा वर्ग घ्यायची. तिला ते फार आवडायचं. टॉयलेट पेपरच्या नळ्यांपासून मेंढरं करणं, त्यांना कापूस चिकटवणं, असे उद्योग आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर चालायचे.

त्या रविवारी मुक्त प्रार्थनेच्या वेळी, म्हणजे ज्याला वाटेल त्यानं उभं राहून प्रार्थना करायची तेव्हा, सासूबाई उभ्या राहिल्या. आजारी लोकांसाठी झालं, व्हिसा अडकलेल्यांसाठी झालं, देशासाठी झालं, दोन्ही देशांसाठी. मग त्या म्हणाल्या, "आणि बापा, माझ्या नातीला आठव. तिनं मला विश्वासानं सांगितलं, की प्रार्थना करताना समोर कुणी ऐकतंय असं तिला आता वाटत नाही. तू आहेस की नाही याचीच तिला शंका येते. तिच्या या अविश्वासानं तुझ्या काळजाला किती दुःख होत असेल. तिला परत वळव, बापा."

माझे डोळे उघडले. हॉलमध्ये आणखी बऱ्याच जणांचे उघडले होते. मुलगी मागच्या दाराशी मुलांना रांगेत उभी करत होती. तिच्या हातात एका पोराचा हात होता. तिनं तो सोडला नाही, पण तिचा चेहरा एकदम मिटल्यासारखा झाला.

पुढचं सगळं चहाच्या वेळी झालं. आपल्या लोकांना कुणाची अडचण कळली की ते त्या माणसाला एकटं सोडत नाहीत. एक बाई हातात समोशांची बशी घेऊन आल्या, "काय गं राणी, शंका येते का तुला? मलाही यायची, कॉलेजात असताना." दुसऱ्या बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिथल्या तिथे प्रार्थना केली. एका काकांनी विज्ञान आणि विश्वास यावरचा व्हिडिओ पाठवतो म्हणून नंबर मागितला. आणि संडेस्कूलचं बघणाऱ्या बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण थोडे दिवस तिनं लहान मुलांना शिकवायला नको. तिचं स्वतःचं स्थिर होऊ दे. पालक विचारतात हो."

"पालकांनी कधी विचारलं? आत्ता पाच मिनिटांत?" मी म्हटलं.

"विचारतील ना."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण मुलगी ऐकत होती. तिनं कापसाची पिशवी आणि कात्र्या खोक्यात भरल्या, खोकं त्या बाईंच्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर बॉम्बे नावाच्या टेकडीचा चढ लागला. मग मागच्या सीटवरून ती इंग्रजीत, कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "मी म्हटलं होतं कुणी ऐकत नाही. अख्खा हॉल ऐकत होता."

नवऱ्याला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात बदललं. सासूबाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी देवालाच सांगितलं ना. मला काळजी वाटली म्हणून सांगितलं. लोकांना थोडंच सांगितलं?"

"ओके, आजी," मुलगी म्हणाली.

तेव्हापासून ती आजीशी इंग्रजीत बोलायला लागली.

भांडली असती तर चाललं असतं. आमच्याकडे भांडणं होतात आणि मिटतात. पण ती अगदी नीट वागत होती. "गुड मॉर्निंग, आजी." "नो थँक यू, आजी." गोळ्यांचं पाकीट आणून द्यायची, शॉवरचं पाणी गरम आहे का बघायची, आणि आपल्या खोलीत जायची. तेल चोळणं बंद. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी तिला एकदम भांडी घासायचं सुचायचं. आमच्याकडे डिशवॉशर आहे. सासूबाईंना इंग्रजी येत नाही असं नाही. त्या मिशनच्या शाळेत शिकवत होत्या. पण नातीचं ते सभ्य इंग्रजी ऐकलं की त्या हातातलं काम थांबवून नुसत्या बसायच्या.

आणि वेळ फार नव्हता. फेब्रुवारीत मुलगी डनेडिनला शिकायला जाणार होती. ते देशाचं पार दुसरं टोक. सासूबाईंचं वय बघता आणि अठराव्या वर्षी घर सोडलेली मुलं किती घरी येतात ते बघता, आत्ता हे असंच राहिलं तर कायमचंच राहील, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार.

डिसेंबरच्या उपासनेला प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. पाळकसाहेब ऑकलंडमधल्याच दुसऱ्या एका मंडळीचे, मराठी माणूस, आमच्याकडे फक्त प्रभुभोजनाला येतात. त्या दिवशी त्यांनी जलप्रलयाच्या गोष्टीवर संदेश दिला. खरं सांगायचं तर मी निम्मा वेळ घरून आणलेली बिर्याणी पुरेल का याचा हिशोब करत होते, पण एका जागी माझं लक्ष गेलं. ते म्हणाले, की आपण मुलांना शिकवतो की देव रागावला आणि त्यानं पाऊस पाडला, पण गोष्ट नीट वाचली तर पावसाच्या आधी त्याच्या मनाला लागलेलं दिसतं. कायदा मोडला तर कायद्याला दुखत नाही. राग आपल्याला कुणाचाही येतो, रस्त्यात आडव्या आलेल्या गाडीवाल्याचाही येतो. दुःख मात्र आपल्याच माणसाचं होतं. तेव्हा आपल्या पापानं देवाला दुःख होतं याचा अर्थ आधी हा, की त्यानं आपल्याला आपलं मानलं आहे.

हे मला विचार करण्यासारखं वाटलं. बिर्याणी कमी पडणार होती, हेही लक्षात आलं.

मग भाकरीचं ताट फिरलं. आमच्यात ताट रांगेतून हातोहात जातं. आधी भाकरीचे तुकडे, मग द्राक्षरसाचे छोटे छोटे प्याले. मुलगी मागच्या रांगेत होती. तिनं ताट पुढे दिलं, घेतलं नाही. ते मला अपेक्षित होतं. ती प्रामाणिक आहे, मनात नसताना घेणार नाही. ताट सासूबाईंकडे आलं. त्यांनी ते हातात धरलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे दिलं. तुकडा उचलला नाही. प्यालाही घेतला नाही.

मी त्यांना इतक्या वर्षांत हे करताना कधी बघितलं नव्हतं. सासरे गेले त्या आठवड्यातही त्यांनी घेतलं होतं. ताप असताना घेतलं होतं. आमच्या मंडळीत प्रभुभोजन न घेणारं माणूस लगेच दिसतं, आणि म्हाताऱ्या, पांढऱ्या पातळातल्या, सगळ्यांना प्रार्थनेसाठी बोलावणाऱ्या बाईंनी घेतलं नाही तर फारच दिसतं. पण त्या सरळ समोर बघत बसल्या होत्या.

गाडीत मी विचारलं, "आई, बरं वाटत नव्हतं का?"

"बरी आहे मी."

"मग?"

"तू गाडी चालव. समोर बघ."

मुलीनं हेडफोन कानातून काढले होते, हे मला आरशात दिसलं.

त्याच सुमारास दवाखान्यात एक गोष्ट झाली. एक म्हातारे गृहस्थ वर्षभर माझ्याकडे पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगला येत होते. आयुष्यभर गाईगुरं सांभाळलेले, मधुमेह, आणि अजिबात न ऐकणारे. मी त्यांना दर वेळी ओरडायचे, ते दर वेळी "यस बॉस" म्हणायचे. आमचं चांगलं जमायचं. जखम भरत आली होती. बायको गेल्यावर ते एकटे पडले होते आणि माझ्याकडे यायचे त्या दिवशी दाढी करून यायचे. त्या दिवशी बँडेज काढलं तर जखम परत उघडलेली, कडेनं काळी. पट्टी काढून, ओल्या गमबुटात पाय घालून मुलाच्या गोठ्यात दोन दिवस काम केलं होतं, आणि मला फोनवर सांगितलं होतं की घरीच पाय वर करून बसलोय.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडता आलं नाही. मी नुसती साफ करत बसले. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी चार शब्द सुनावून पाच मिनिटांत मोकळी झाले असते. या माणसाबद्दल मला राग नव्हता. वाईट वाटत होतं, आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नव्हतं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आज ओरडत नाहीस?"

"नाही."

"ओरड ना. तू ओरडलीस की बरं वाटतं."

मी हसले आणि मग ओरडले. पण घरी येताना माझ्या डोक्यात पाळकसाहेबांचं म्हणणं घोळत होतं. मला दुःख झालं तेव्हा मी भांडी आपटली नव्हती, न जेवता बसले नव्हते. मी तो पाय धरून बसले होते. देवाचं दुःख या जातीचं असेल तर माझी त्याला हरकत नव्हती. मेट्रनची खुर्ची रिकामी झाली असं नाही, पण शेजारी आणखी एक खुर्ची आली.

नाताळात फराळ झाला. दर वर्षी करंज्या आजी लाटते आणि नात भरते. या वर्षी मी भरल्या. माझ्या करंज्या तळताना उकलतात. सासूबाईंनी एकदाही टोकलं नाही, त्यावरून त्यांची अवस्था ओळखा. मुलगी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून मित्रमैत्रिणींबरोबर समुद्रावर गेली, आली, करंजी खाऊन "यम, थँक्स आजी" म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "आईनं केल्यात."

जानेवारीत एका संध्याकाळी, इथल्या उन्हाळ्यात जेवणं झाली तरी बाहेर लख्ख उजेड असतो तशा वेळी, सासूबाईंनी मुलीला सांगितलं, "आज प्रार्थनेला बस. माझ्यासाठी." ती बसली. तिच्यात उद्धटपणा नाही.

नवऱ्यानं शास्त्र वाचलं. गीत झालं. सासूबाईंनी डोळे मिटले, पदर डोक्यावर घेतला आणि सुरुवात केली. "हे आमच्या दयाळू स्वर्गीय बापा, आज मी तुझ्यापुढे अपराधी म्हणून आले आहे. माझ्या हातून या लेकराचं मन दुखावलं. तुझं नाव घेऊन मी तिचा विश्वास मोडला. तिला वाटत असेल की तिच्या आजीनं..."

"आजी," मुलगी म्हणाली.

आमच्या घरात प्रार्थनेत मधे बोललेलं मी ऐकलं नव्हतं. एकदा दूध उतू गेलं होतं, ते आम्ही जाऊ दिलं होतं. नवऱ्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

"आजी, मी इथेच आहे. सोफ्यावर." हे ती मराठीत म्हणाली.

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. "प्रार्थना चालू आहे, बाळा."

"माहितीये. पण तू सॉरी कोणाला म्हणते? मला का त्याला?"

"दोघांना."

"त्याला नंतर म्हण. आधी मला म्हण ना."

मग सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांच्या पिढीतल्या माणसांनी नातवंडांची माफी कधी मागितलेली नाही. फार तर ताटात एक लाडू जास्त पडायचा, आणि तेवढ्यावरून समजून घ्यायचं. त्यांना वाक्य सापडेना. मला वाटलं, उठून पाणी द्यावं. पण मी उठले नाही, आणि ते मी बरोबर केलं.

"तू मला विश्वासानं सांगितलंस," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि मी ते चार लोकांत सांगितलं. सांगायचं नव्हतं. मला माफ कर."

"चार? आजी, फॉर्टी होते."

"चाळीस लोकांत सांगितलं."

"आणि त्या अंकलनी मला सहा व्हिडिओ पाठवले."

"बघितलेस का?"

"नाही!"

नवरा या वेळी खोकला नाही, सरळ हसला. सासूबाईही हसल्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पदरानं पुसलं. मुलगी सोफ्यावरून उठून त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"आजी, तू त्या दिवशी भाकर का नाही घेतली?"

"त्याला दुःख द्यायचं आणि त्याच्याच ताटात हात घालायचा, हे मला जमेना."

"पण त्याला दुःख झालं हे तुला कसं कळलं? तुला आवाज येतो?"

मला वाटलं, आता सासूबाई शास्त्रातलं काहीतरी सांगतील. त्यांचं बरंच पाठ आहे. त्या म्हणाल्या, "मला कुठले आवाज येतात? तुझं तोंड बघून कळलं. तू इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणायचीस ना, तेव्हा रोज कळायचं. मी तुला सांगत होते की तुझ्या शंकेनं त्याला दुःख होतं. तुझ्या शंकेचं त्याला काय झालं ते मला माहीत नाही. माझ्या बोलण्याचं झालं, एवढं मला पक्कं माहीत आहे. तू त्याची आहेस. तुला लागलं की त्याला लागणारच."

मुलीनं आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "मला अजून तसंच वाटतं, आजी. कोणी ऐकत नाही असं."

"असू दे."

"तुला चालतं?"

"मला चालतं की नाही ते मी त्याला एकटीनं सांगेन. दार लावून."

"आमेन तरी म्हणा कुणीतरी," नवरा म्हणाला. त्याला सकाळी सहाची पाळी होती.

"अजून संपलेली नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला, डोळे मिटायच्या आधी मुलीकडे बघितलं आणि विचारलं, "तुझं नाव घेऊ का?"

"घे. पण डिटेल्स नको."

ती प्रार्थना फार छोटी झाली. आमच्या घरातली बहुधा सगळ्यात छोटी.

नंतर आजीच्या खोलीतून पुन्हा तेलाचा वास आणि बोलण्याचा आवाज यायला लागला. मी दाराशी गेले की दोघी गप्प. मी माझ्या कामाला लागले. सासूबाईंनी त्या आठवड्यात आणखी एक काम केलं. संडेस्कूलच्या बाईंना फोन लावला. मी ऐकत होते. त्यांनी देवाचं नावसुद्धा काढलं नाही. "चूक माझी होती, शिक्षा पोरीला का? मेंढरं चिकटवायला किती विश्वास लागतो, मला सांगा बरं," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

फेब्रुवारीच्या उपासनेला मुलगीच गाडी चालवत आम्हाला घेऊन गेली. तिच्या हातात परत कापसाचं खोकं होतं. लहान मुलं तिच्या पायांना लोंबकळली. त्या दिवशीही प्रभुभोजन होतं. ताट आलं तेव्हा सासूबाईंनी तुकडा उचलला, नेहमीसारखा, घाई न करता. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून त्यांनी माझ्या कोपराला हलकेच ढोसलं, कारण ताट माझ्यासाठी अडलं होतं.

उपासना झाल्यावर मी हॉलच्या छोट्या स्वयंपाकघरात प्याले धुत होते. सासूबाई पुसत होत्या आणि मुलगी खोक्यात भरत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. सासूबाईंनी नातीला विचारलं, "तू नाही घेतलंस?"

"अजून नाही, आजी."

पूर्वीच्या सासूबाईंनी यावर काय केलं असतं, मला माहीत आहे. मी हात साबणात तसेच ठेवून वाट बघत होते. त्यांनी हातातला प्याला उजेडाकडे धरून बघितला, पुन्हा पुसला आणि तिच्याकडे दिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "डनेडिनला थंडी फार असते म्हणतात. लोकरीचे मोजे घेतलेस का?"

"हीप्स घेतलेत, आजी. ढीगभर."

"मला दाखव घरी गेल्यावर. तुझ्या आईनं घेतले असतील तर पातळ असतील."